कै. हरि नारायण आपटे

इतिहासाच्या उत्तरपत्रिका तपासतांना एक गोष्ट आमच्या दृष्टीस वारंवार पडते. सिंहगडच्या लढाईचें वर्णन करा असें विचारलें असतां आमच्या जालन्याच्या मुलामुलींपैकीं पुष्कळजण उदेभानाच्या कैदेंतील कमलकुमारी नांवाच्या रजपूत विधवेची हकीकत मोठ्या आवेशानें लिहितात, आणि तानाजी पडल्यावर कोंढाण्याचें नांव बदलून सिंहगड ठेवण्यांत आलें, असा शेवट करितात. कमलकुमारीस इतिहासाच्या कागदपत्रांत आधार नाहीं. आणि सिंहगड हें नांव तर १६६३ सालच्या पत्रांतहि आढळतें, म्हणजे तानाजीच्या मृत्यूपूर्वीं सात वर्षें तें रूढ होतें. अर्थात् गुण कापावे लागतात. परंतु ते कापतांना आमचा हात थोडा अडखळतो. ज्या लेखणीनें ही कमलकुमारी निर्माण केली ती थांबून शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ती अजून आमच्या मुलांच्या मनांत चालत आहे. आणि मौज अशी कीं, ह्या मुलांपैकीं बहुतेकांनीं त्या लेखकाचें नांवहि ऐकलेलें नसतें. ते लेखक म्हणजे कै. हरि नारायण आपटे होत. त्यांच्या चरित्राची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस करून द्यावी, आणि जातां जातां कथा व इतिहास ह्यांच्या नात्याचाहि थोडा विचार करावा, ह्या हेतूनें हा लेख लिहीत आहों.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजीं खानदेशांत पारोळें येथें झाला. अजिंठ्याच्या डोंगराची ओळ ओलांडून उत्तरेस उतरलें म्हणजे हा मुलूख लागतो. तेव्हां आमच्या भागांतील वाचकांस ते अगदींच परके नव्हत. ते अवघे चार वर्षांचे असतांना त्यांची आई वारली. आईवांचून वाढलेल्या मुलाचें लक्ष घरांतील बायकांच्या सुखदुःखाकडे लौकर जातें. हरिभाऊंच्या पुढील लेखनांत स्त्रियांविषयीं जी कणव ठिकठिकाणीं दिसते, तिचें मूळ ह्या पोरकेपणांत असावें, असें आम्हांस वाटतें. त्यांचें बालपण मुंबईंत गेलें आणि १८७८ सालीं त्यांचें कुटुंब पुण्यास आलें. त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईच्या हायकोर्टांतील वकील होते. ह्या चुलत्यांनीं पुढें काढलेल्या एका संस्थेचा भार हरिभाऊंच्याच खांद्यावर यावयाचा होता. तो वृत्तान्त पुढें येईल.

पुण्यांत त्या वेळीं नवें वारें वाहूं लागलें होतें. १८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आदि मंडळींनीं न्यू इंग्लिश स्कूल काढलें, आणि लौकरच गोपाळ गणेश आगरकर त्यांस येऊन मिळाले. ह्या शाळेंत हरिभाऊ शिकले. ज्या शाळेंत असे तीन शिक्षक एकाच वेळीं शिकवीत होते, तींत शिकावयास मिळणें हें केवढें भाग्य! पण ह्या विद्यार्थ्यानें आपल्या गुरूंकडून केवळ धडे घेतले नाहींत, विचार करण्याची संवयहि घेतली. १८८२ सालीं विष्णुशास्त्री अकालीं वारले, तेव्हां अठरा वर्षांच्या ह्या मुलानें ‘शिष्यजनविलाप’ नांवाची दीर्घ कविता लिहिली. पुढच्याच वर्षीं आगरकरांनीं शेक्सपियरच्या हॅम्लेटचें ‘विकारविलसित’ ह्या नांवानें भाषांतर प्रसिद्ध केलें, तेव्हां त्याच मुलानें त्यावर विस्तृत टीकालेख लिहून भाषांतरांतील उणिवा दाखविल्या. एका गुरूच्या मृत्यूनें रडणारा आणि दुसऱ्या गुरूच्या पुस्तकांतील चुका दाखविणारा विद्यार्थी एकच होता, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. आदर आणि स्वतंत्र विचार ह्यांचें वैर नाहीं. दोन्ही एकाच मनांत सुखानें नांदूं शकतात.

१८८३ सालीं हरिभाऊ मॅट्रिक झाले. नंतर डेक्कन कॉलेजांत आणि १८८५ सालीं निघालेल्या फर्ग्युसन कॉलेजांत ते शिकले. परंतु पदवी कांहीं त्यांच्या हातीं लागली नाहीं. हें वाचून आमच्या आळशी विद्यार्थ्यांनीं आनंद मानूं नये. हरिभाऊंस पदवी मिळाली नाहीं, तरी त्यांचें वाचन पदवीधरांस लाजविणारें होतें. इंग्रजी कादंबरीकारांचे ग्रंथ, संस्कृत नाटकें, मराठी बखरी ह्यांत ते रात्रंदिवस गढून गेलेले असत. परीक्षेंत नापास होणें आणि अभ्यास न करणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हरिभाऊंनीं लेखणी हातीं धरली त्या वेळीं मराठी कादंबरी बाल्यावस्थेंत होती. आमच्या समाजास अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, मराठींतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे ती ‘यमुनापर्यटन’ एका ख्रिस्ती लेखकाची, बाबा पदमनजींची, आहे. ती १८५७ सालीं प्रसिद्ध झाली आणि तिचा विषय हिंदु विधवांची दुःस्थिति हा होता. पण तिच्यानंतर आलेल्या बहुतेक कादंबऱ्या निराळ्या वळणाच्या निघाल्या. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. अशा पुस्तकांत राजपुत्र, मंत्री, कपटी दुष्ट, अद्भुत योगायोग आणि शेवटीं सर्वांचा आनंदीआनंद असे. आपल्या शेजारच्या घरांत काय चाललें आहे, ह्याची दाद त्या पुस्तकांस नसे. १८७१ सालीं रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनीं ‘मोचनगड’ लिहिण्यास आरंभ केला. शिवकालावर रचलेली ही मराठींतील पहिली ऐतिहासिक कादंबरी होय. वाट दिसूं लागली होती. पण तिच्यावरून दूरवर चालत जाणारा वाटसरू अजून यावयाचा होता.

हरिभाऊंची पहिली कादंबरी ‘मधली स्थिति’ ही १८८५ सालीं ‘पुणेंवैभव’ पत्रांत येऊं लागली. तिला रेनॉल्ड्स ह्या इंग्रज लेखकाच्या कादंबरीचा आधार होता, पण आंतील माणसें पुण्याचीं होतीं. पांच वर्षांनीं त्यांनीं ‘पण लक्षांत कोण घेतो?’ लिहिली, आणि मराठी वाचक चमकून गेला. ह्या कादंबरींत यमू नांवाची एक मुलगी आपल्या जन्माची कहाणी आपल्याच तोंडानें सांगते: माहेरचें लहानपण, बालविवाह, सासरचा जाच, थोडे दिवस लाभलेला पतीचा स्नेह, वैधव्य, केशवपन आणि अकालीं मृत्यु. बाबा पदमनजींची यमुना आणि हरिभाऊंची यमू ह्यांचें नांवहि एकच आणि दुःखहि एकच. एका लेखकानें ख्रिस्ती धर्माच्या उंबरठ्यावरून ह्या दुःखाकडे पाहिलें, दुसऱ्यानें ब्राह्मण घरांतल्या माजघरांत बसून पाहिलें. दोघांसहि दिसलें तें एकच. जी गोष्ट खरी असते ती कोणत्याहि दारांतून पाहिली तरी बदलत नाहीं.

आतां हरिभाऊंच्या आयुष्यांतील मुख्य कार्याकडे वळूं. १८९० सालीं त्यांनीं ‘करमणूक’ नांवाचें साप्ताहिक सुरू केलें. त्या काळचीं पत्रें राजकारणाच्या आणि समाजसुधारणेच्या वादांनीं भरलेलीं असत. केसरी आणि सुधारक ह्यांचें द्वंद्व जुंपलें होतें. हरिभाऊंनीं वादाची भाषा सोडून गोष्टीची भाषा धरली. घरांतील बायकामुलांनीं निर्धास्तपणें वाचावें, त्यांचें मन रमावें, आणि रमतां रमतां त्यांस चार गोष्टी कळाव्या, असें पत्र त्यांस हवें होतें. कादंबऱ्या, लहान गोष्टी, शास्त्रीय माहिती, चरित्रें, कविता असें नाना प्रकारचें वाङ्मय त्यांत येई. त्यांतील लहान गोष्टी पुढें ‘स्फुट गोष्टी’ ह्या नांवानें पुस्तकरूपानें निघाल्या. मराठी लघुकथेचा आरंभ सांगतांना त्यांचें नांव घ्यावें लागतें. १८९० पासून १९१७ पर्यंत, म्हणजे सुमारें सत्तावीस वर्षें, हें पत्र चाललें.

साप्ताहिकांतून कादंबरी लिहिणें म्हणजे काय, ह्याची कल्पना आमच्या विद्यार्थ्यांस नसेल. लेखक प्रथम सबंध पुस्तक लिहितो आणि मग छापावयास देतो, अशी आपली समजूत असते. हरिभाऊंचें तसें नव्हतें. दर आठवड्यास कादंबरीचें पुढचें प्रकरण तयार हवें. इकडे छापखान्यांत खिळे जुळविणारे लोक वाट पाहात आहेत, तिकडे गांवोगांवचे वर्गणीदार वाट पाहात आहेत, आणि मधल्या प्रकरणांत काय लिहिलें हें आतां बदलतां येत नाहीं, कारण तें छापून लोकांच्या घरीं गेलें आहे! ह्या रीतीचा लाभ असा झाला कीं, हरिभाऊ वाचकाशीं समोर बसून बोलल्यासारखे लिहूं लागले. तोटा असा झाला कीं, कथानक पाल्हाळानें वाढे, मध्येंच लेखकाचें प्रवचन सुरू होई, आणि कित्येक कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. ‘गणपतराव’ अपुरी राहिली, ‘सूर्यग्रहण’ अपुरी राहिली, ‘मध्यान्ह’ अपुरी राहिली. हा दोष आम्ही झांकून ठेवीत नाहीं. पण जो मनुष्य पत्राचें संपादन, संस्थेचा कारभार आणि शहराचीं कामें सांभाळून वीसाहून अधिक कादंबऱ्यांस हात घालतो, त्याच्या अपुऱ्या कामाकडे पाहतांना पुऱ्या केलेल्या कामाचाहि ढीग पाहावा.

ह्या कादंबऱ्यांपैकीं निम्म्याच्या आसपास ऐतिहासिक आहेत. त्यांतील पहिली ‘म्हैसूरचा वाघ’ ही १८९० च्या सुमारास निघाली. तिला कर्नल मेडोज टेलर ह्यांच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीचा आधार होता. हे टेलरसाहेब आमच्या मराठवाड्यास अपरिचित नाहींत. ते निजामाच्या फौजेंत नोकर होते, नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार त्यांनीं पाहिला, आणि तुळजापूर व अफझलखान ह्यांच्या संबंधानें ‘तारा’ नांवाची कादंबरी त्यांनीं १८६३ सालीं लिहिली. अशा प्रकारें परक्या लेखकाचें बोट धरून हरिभाऊ इतिहासाच्या प्रांतांत शिरले. पण लौकरच त्यांनीं तें बोट सोडलें. १८९५ ते १८९७ ह्या काळांत ‘करमणुकी’ंत ‘उषःकाल’ आली, आणि तेथून त्यांची स्वतंत्र वाटचाल सुरू झाली.

त्या काळीं इतिहासाचीं साधनें किती तुटपुंजीं होतीं, हें ध्यानीं घेतल्यावांचून ह्या कामाची किंमत कळावयाची नाहीं. मराठ्यांचा समग्र इतिहास म्हणून हातीं काय होतें, तर ग्रँट डफ ह्या इंग्रज अधिकाऱ्याचा १८२६ सालचा ग्रंथ. १८७८ पासून दहाएक वर्षें चाललेल्या ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिकानें कांहीं बखरी व पत्रें छापून काढलीं होतीं. वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ ह्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं निघाला, आणि भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं स्थापन झालें. म्हणजे हरिभाऊ ‘उषःकाल’ लिहावयास बसले तेव्हां शिवकालाचे बहुतेक अस्सल कागद वाड्यांच्या पोटमाळ्यांवर रुमालांत बांधून पडले होते. जेथें कागद नव्हता तेथें त्यांनीं कल्पना योजिली. पण ती कल्पना त्यांनीं माणसांच्या स्वभावाच्या अभ्यासावर उभारली, म्हणून ती टिकली.

‘उषःकाल’मधील मुख्य पेंच पाहा. सुलतानगड नांवाच्या किल्ल्याचे वृद्ध किल्लेदार रंगराव आप्पा हे विजापूरच्या दरबाराचे इमानी चाकर आहेत. पिढ्यान् पिढ्या ज्याचें मीठ खाल्लें त्याच्याशीं बेइमानी करणें त्यांस पाप वाटतें. त्यांचा तरुण मुलगा नानासाहेब मात्र अन्याय पाहून तळमळतो आणि शिवाजीच्या नव्या उद्योगाकडे ओढला जातो. बाप खोटा नाहीं आणि मुलगाहि खोटा नाहीं. बापाचें इमान हा सद्गुण आहे; मुलाचा स्वातंत्र्याचा ध्यास हाहि सद्गुण आहे; आणि हे दोन सद्गुण एकाच घरांत एकमेकांसमोर उभे राहिले आहेत. स्कॉटलंडांतील सर वॉल्टर स्कॉट ह्यांनीं १८१४ सालीं ‘वेव्हर्ली’ लिहून युरोपांत ऐतिहासिक कादंबरीची जी रीत पाडली, तिचें वर्म हेंच होतें: मोठे ऐतिहासिक पुरुष थोडे बाजूस ठेवावे, मध्यें एक कल्पित सामान्य कुटुंब आणावें, आणि इतिहासाचा गाडा त्या कुटुंबाच्या अंगणांतून जातांना तेथें काय उलथापालथ होते तें दाखवावें. हरिभाऊंनीं ही रीत सह्याद्रीच्या मातींत रुजविली.

त्यानंतर त्यांनीं अनेक काळांत संचार केला. ‘केवळ स्वराज्यासाठीं’, ‘रूपनगरची राजकन्या’, ‘सूर्योदय’, ‘कालकूट’ अशीं नांवें घेतां येतील. ‘चंद्रगुप्त’ कादंबरींत ते थेट मौर्यांच्या पाटलिपुत्रापर्यंत गेले. ‘गड आला पण सिंह गेला’ ही १९०३-०४ च्या सुमाराची. तानाजीच्या पोवाड्यानें महाराष्ट्रांत आधींच घर केलें होतें, हरिभाऊंनीं त्या घरांत कमलकुमारी आणून बसविली. ह्या कादंबरीवरून १९२३ सालीं बाबूराव पेंटरांनीं मूकपट काढला, आणि १९३३ सालीं व्ही. शांताराम ह्यांनीं बोलपट काढला. २०२० सालीं तानाजीवर निघालेल्या हिंदी चित्रपटांतहि उदेभानाच्या तावडींत सांपडलेली एक कमला आहेच. आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेंत ती कोणत्या वाटेनें शिरली, तें आतां वाचकांच्या लक्षांत येईल.

हरिभाऊंची शेवटची मोठी ऐतिहासिक कादंबरी ‘वज्राघात’ ही होय. ती १९१३ ते १९१५ ह्या काळांत लिहिली गेली. तिचा विषय विजयनगरचा नाश हा आहे. १५६५ सालीं तालिकोटच्या लढाईंत रामराजा मारला गेला आणि दक्षिणेंतील एक वैभवशाली राजधानी धुळीस मिळाली. इतिहासकार ह्या नाशाचीं राजकीय कारणें सांगतात: दक्षिणेंतील सुलतानांची एकजूट, रामराजाचें धूर्त पण उद्दाम धोरण, वगैरे. हरिभाऊंनीं एक आणखी कारण कल्पिलें. रामराजानें तारुण्यांत मेहेरजान नांवाच्या स्त्रीवर प्रेम केलें आणि मग तिला टाकिलें. तिचा मुलगा रणमस्तखान बापास न ओळखतां त्याच्याच राज्याचा वैरी होऊन उभा राहिला. इतिहासांत ह्यास आधार शोधूं जाल तर निराशा होईल. पण एका स्त्रीवर केलेला अन्याय चिरेबंदी तटांनाहि पुरून उरतो, हें तत्त्व वाचकाच्या मनांत ठसतें. ज्या लेखकानें पंचवीस वर्षांपूर्वीं यमूचें दुःख लिहिलें, त्यानेंच विजयनगरच्या भग्न तटांखालीं मेहेरजानेचें दुःख शोधून काढलें. सामाजिक आणि ऐतिहासिक हे भेद आपण करितों. हरिभाऊंची दृष्टि एकच होती.

लेखनाखेरीज त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग इतरांच्या कामांत गेला. चुलते महादेवराव ह्यांनीं १८८८ सालीं पुण्यांत आनंदाश्रम ही संस्था स्थापिली. जुन्या संस्कृत ग्रंथांच्या हस्तलिखित प्रती जमविणें आणि ते ग्रंथ शुद्ध करून छापणें हें तिचें कार्य होतें. १८९४ सालीं महादेवराव वारल्यावर संस्थेचा कारभार हरिभाऊंकडे आला आणि तो त्यांनीं अखेरपर्यंत निष्ठेनें चालविला. दिवसां पोथ्या आणि हिशेब, रात्रीं कादंबरीचें प्रकरण, असा त्यांचा क्रम असे. पुण्याच्या नगरपालिकेंत त्यांनीं अनेक वर्षें काम केलें व ते तिचे अध्यक्षहि झाले. १९१२ सालीं अकोल्यास भरलेल्या मराठी साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. १९१५ सालीं मुंबई विद्यापीठाच्या विल्सन व्याख्यानमालेंत त्यांनीं मराठी भाषेचा उगम व विकास ह्या विषयावर इंग्रजींत व्याख्यानें दिलीं. ज्या विद्यापीठानें त्यांस पदवी दिली नव्हती, त्याच विद्यापीठानें त्यांस व्यासपीठावर बोलाविलें! कवि केशवसुत १९०५ सालीं वारल्यावर त्यांच्या विखुरलेल्या कविता एकत्र करून ग्रंथरूपानें बाहेर आणण्याचें कामहि हरिभाऊंनींच केलें. स्वतःच्या कादंबऱ्या अपुऱ्या ठेवणाऱ्या ह्या मनुष्यानें मित्राचें पुस्तक मात्र पुरें केलें.

३ मार्च १९१९ रोजीं पुण्यास हरिभाऊंचा अंत झाला. पंचावन्नावा वाढदिवस पांच दिवसांवर होता. त्याच वर्षीं मे महिन्यांत आमचे ख्रिस्ती कवि रेव्हरंड नारायण वामन टिळक हेहि निवर्तले. मराठी भाषेस ते वर्ष जड गेलें.

आतां आरंभीं काढलेल्या प्रश्नाकडे परत येतों. आमच्या जालन्याच्या मुलांस तो प्रश्न इतरांहून अधिक जवळचा आहे. १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवाजीमहाराज फौजेसह ह्या गांवावर चालून आले आणि येथील संपन्न पेठ लुटली गेली. लोकांनीं आपली चीजवस्त जानमहंमद नांवाच्या साधुपुरुषाच्या ठिकाणाच्या आश्रयास नेली होती, तीहि वांचली नाहीं, असें मोगल इतिहासकार लिहितो. परततांना संगमनेरच्या बाजूस रणमस्तखान आदि मोगल सरदारांनीं मराठ्यांस गांठलें. त्या झुंजींत सिधोजी निंबाळकर पडले. आणि महाराज पट्ट्याच्या किल्ल्यावर पोंचले. पुढील एप्रिलांत महाराज स्वर्गवासी झाले. ही त्यांची अखेरची मोठी मोहीम होय. महाराजांचें नांव घेतांच ज्याची छाती भरून येते तो आमचा विद्यार्थी, आणि ज्या पेठेंत त्याच्या घरचें दुकान आहे ती लुटली गेलेली पेठ, ह्यांचा मेळ त्यानें कसा घालावा? कांहीं मुलें ही हकीकत ऐकून रागावतात. कांहीं ती खोटीच म्हणतात. एकदोन चतुर मुलें, पेठ मोगलांची होती, असें म्हणून मोकळीं होतात.

आम्हांस वाटतें, ह्या ठिकाणीं हरिभाऊ उपयोगी पडतात. त्यांनीं जालन्याची कथा लिहिली नाहीं. पण त्यांनीं रंगराव आप्पा लिहिले. शत्रूच्या पक्षांतील वृद्धाचें इमान त्यांनीं अशा रीतीनें रंगविलें कीं, स्वराज्याचा कैवारी वाचकहि त्याच्यापुढें मस्तक नमवितो. स्वराज्याचा थोरपणा सांगण्यासाठीं दुसऱ्याचा माणूसपणा नाकारावा लागत नाहीं, हें त्यांनीं दाखवून दिलें. हें सर्वत्र त्यांस साधलें असें नव्हे. त्यांच्या कादंबऱ्यांतील कित्येक खलपुरुष अगदीं काळ्या शाईनें काढलेले आहेत. पण जेथें साधलें तेथें ते इतिहासाच्या पुस्तकाहून मोठें काम करून गेले. राजा कोणत्या दिवशीं आला आणि कोणत्या वाटेनें गेला, हें इतिहास सांगतो. त्या दिवशीं पेठेंतील आईनें मुलास कोठें लपविलें, आणि चढाईच्या फौजेंतील मावळ्यास आपलें घर कसें आठवलें, हें कादंबरीच सांगूं शकते. दोन्ही कळल्यावांचून काळ कळत नाहीं. फक्त एकाचें काम दुसऱ्याच्या नांवावर खपवूं नये.

आमच्या ह्या भागास मराठी ग्रंथांचें मोल निराळें सांगावयास नको. १९४८ च्या १७ सप्टेंबरापर्यंत येथें निजामाचें राज्य होतें आणि दरबारची भाषा उर्दू होती. त्या दिवसांत मराठी पुस्तकें गांवोगांवच्या वाचनालयांतून हातोहातीं फिरत. आतां तो प्रतिबंध राहिला नाहीं. हरिभाऊंनंतर नाथमाधव आले. रणजित देसायांची ‘स्वामी’ १९६२ सालीं आली, ना. सं. इनामदारांची ‘झेप’ १९६३ सालीं, शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ सालीं, विश्वास पाटलांची ‘पानिपत’ १९८८ सालीं. नव्या ऐतिहासिक कादंबऱ्या अजूनहि निघतात आणि हौसेनें वाचल्या जातात. ह्या सर्वांचा पाया ज्या मनुष्यानें दर आठवड्यास एक प्रकरण ह्या हिशेबानें चिरा चिरा बसवून घातला, त्याची आठवण ठेवणें हें वाचकाचें कर्तव्य आहे.

शेवटीं एक गोष्ट सांगून लेख पुरा करितों. आमच्या प्रभूनें लोकांस शिकवितांना दाखल्यांचा उपयोग केला. उधळ्या पुत्राचा दाखला आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. त्या पुत्राचें गांव कोणतें, त्याच्या बापाची जमीन किती, असें कोणीं विचारलें नाहीं, कारण त्या कथेचें सत्य गांवाच्या नांवांत नव्हतें. पण तोच दाखला कोणी जमिनीच्या वादांत पुरावा म्हणून न्यायाधीशापुढें मांडूं लागेल, तर तो हास्यास्पद ठरेल. हाच विवेक हरिभाऊंच्या कादंबऱ्या वाचतांना ठेवावा. ह्या सुटींत आमच्या विद्यार्थ्यांनीं ‘उषःकाल’ अवश्य वाचावी. रंगराव आप्पांसाठीं डोळ्यांत पाणी आलें तर तें पुसूं नये. आणि पुढच्या परीक्षेंत सिंहगडचा प्रश्न आला, तर कमलकुमारीस क्षणभर आदरानें बाजूस बसवून मग उत्तर लिहावें. तिला त्याचा राग यावयाचा नाहीं, आणि आमचाहि हात गुण देतांना अडखळणार नाहीं.